होडीच्या मोटरीला मोरपंखी रंग

आमच्या घरात भंगार आणायला बंदी आहे. बंदी मी घातली आहे आणि आमचे मालक ती दर महिन्याला मोडतात. माणूस शेतकरी, पण जीव सगळा मोटरींत. गावात कुणाची बोअरमधली मोटर अडकली, कुणाचा पंप पाणी सोडेना, की पहिलं बोलावणं आमच्या दारात. जुन्या जालन्याला सरकी-ढेप आणायला जायचं आणि येताना भंगारवाल्याकडून काहीतरी उचलून आणायचं, ही त्यांची रीतच. दिवाळी झाल्यावर असेच एकदा गेले आणि टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड उतरवलं. वर इंजिनाचं डबडं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत कुठकुठलं भंगार येतं, तोडलेल्या जहाजांचंसुद्धा. त्यातच हे आलेलं असणार.

"हे काय आता?" मी विचारलं.

"होडीची मोटर."

"जालन्यात समुद्र कवा आला?"

माझ्याकडं लक्षच नाही. ओट्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना म्हणाले, "माय, आता तुला ताईकडं नेतो." मग मात्र मीच पुढं होऊन गोणपाट सोडलं.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या दिल्या आहेत धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावात. धरण व्हायच्या आधी मधे नुसती नदी होती, उन्हाळ्यात तर लोक चपला हातात घेऊन पलीकडं जायचे. पाणी आडवं झालं आणि समोर दिसणारं गाव लांब गेलं. आत्याबाई रोज म्हशी न्यायच्या त्या ह्याच पाण्यावर. आता आष्टीवरून वळसा घालायचा, मधे गाडी बदलायची, अन् रस्ता असा की हाडं खिळखिळी होतात. त्यात आत्याबाईंना गाडी लागते. साधीसुधी नाही, गाडीचा दरवाजा उघडला तरी त्यांच्या पोटात कालवतं. लिंबू झालं, कांदा झाला, गोळ्या झाल्या. ताईंनी नवं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला सगळे जीपनं निघालो, तर ह्या आष्टीच्या अलीकडंच उतरल्या आणि लिंबाखाली बसल्या. "मला हितंच ठिवा, तुम्ही जाऊन या," म्हणाल्या. ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, दावणीला दुभतं, त्यांनाही निघवत नाही. लेकीचं घर काही आत्याबाईंनी पाहिलं नव्हतं. लेकीच्या चुलीपुढं बसून एक भाकर खायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. दुसरं त्या काही मागत नव्हत्या, आणि तेच आम्हाला देता येत नव्हतं.

होडी आमच्याकडं होती. पंपाच्या पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाचा जाळीचा फुटवॉल साफ करायला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची करून घेतलेली. मालकांनी एकदा आत्याबाईंना तीत बसवून वल्हवत नेलंही. अर्ध्यात वारा सुटला आणि होडी वाहत जाऊन वेड्या बाभळीच्या जाळीत अडकली. लुगडं फाटलं, दंड ओरबाडले. त्या दिवशी त्यांनी लेकाला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "वल्ह्याच्या होडीत म्या बसणार न्हाई. मोटर लाव, मंग येते." विषय मिटवायला म्हणाल्या होत्या. पण लेकानं ते मनावर घेतलं.

आणि घाईही होती. पाणी काठोकाठ असतं ते होळीपर्यंत. मग ते मागं सरकत जातं आणि दोन्हीकडं नुसता चिखल उरतो. त्यात होडी रुतून बसते आणि माणूसही. म्हणजे मोटर तेवढ्यात चालू झाली तर झाली, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघा. आत्याबाईंचे गुडघे तर दर वर्षी आणखीच कुरकुरत होते.

कापूस वेचणी चालू होती. दिवसभर रान, आणि चहा झाला की मालक अंगणात गोणपाट अंथरून त्या धुडाभोवती. पिस्टन जाम झालेला. त्यात डिझेल ओतून ठेवलं, रोज लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकलं, तेव्हा कुठं तो एकदाचा हलला. रिंगा जालन्यातून आल्या, प्लग एका जुन्या मोपेडचा बसला. कार्बोरेटर धुवायला भांडं पाहिजे म्हणून मालकांनी आत्याबाईंचं कण्या शिजवायचं तसराळं घेतलं. त्यावरून घरात जो तमाशा झाला त्यात मी कुणाचीच बाजू घेतली नाही, नुसती मजा बघितली.

रंगाचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे मीच ओढून घेतलं. खरडायला मला लई आवडतं, मग ते दुधाचं पातेलं असो का गंजलेला पत्रा. वरचा पांढरा रंग खरडला तर खाली राखाडी, त्याखाली निळा. कुणी कुणी, कुठल्या कुठल्या किनाऱ्यावर लावला असेल कोण जाणे. पालिश पेपर घासून घासून बोटांची सालं निघाली, पण पत्रा कसा चकचकीत झाला. आता रंग कोणता? मालक म्हणाले पंपासारखा निळा. मी म्हणाले लाल, लांबून उठून दिसेल. आमचं वाजलं, आणि मधेच आत्याबाई म्हणाल्या, "मोरपंखी लावा. माह्या लेकीला मोरपंखी आवडतो." झालं. आष्टीच्या बाजारातून मोरपंखी डबा आला.

रंगाच्या आधी मालकांनी सगळ्या खाचाखोचा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या. कामाला माणूस चोख. मोटरीच्या पायाला खाली बारीक बारीक फटी होत्या, त्यासुद्धा लिंपून गुळगुळीत केल्या. मी विचारलं, ह्या कशाला ठेवल्या असतील? तर म्हणाले, "ठिवल्या न्हाईत, खराब झाल्यात. पाणी आत गेलं की मोटर गेली." त्यांचं सगळं आयुष्य जळालेल्या मोटरी बोअरमधून काढण्यात गेलेलं. फटीतून पाणी शिरणं म्हणजे त्यांच्या लेखी चोर घरात शिरणं. मला पटलं, मी वरून रंगाचे दोन हात मारले.

रंग वाळल्यावर म्हशींच्या हौदावर मोटर बसवली, पाय पाण्यात सोडला. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. दोरी ओढून ओढून मालकांचा खांदा भरून आला आणि एकदम भर्रर्र करून मोटर चालू झाली. हौदात नुसती खळबळ. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मालकांचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं, आमच्या लग्नातही ते एवढे खूश नव्हते. तेवढ्यात धूर निघाला. माझ्या मोरपंखी रंगाला फोड आले, करपल्याचा वास सुटला आणि मोटर आचके देत बंद पडली.

मालक ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. जेवले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे बाबा, न्हाई तर न्हाई," आणि उठून आत गेल्या. ते मला बघवेना. हौदालाही पेट्रोलचा वास लागलेला, म्हशी पाण्याला तोंड लावेनात, तो ताप वेगळाच.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर अशा मोटरींचे व्हिडिओ बघत बसले. भाषा एकही कळत नव्हती. पण एक गोष्ट दिसली. चालू मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार पडत होती, प्रत्येकच मोटरीच्या. मालकांना दाखवलं. "अहो, ह्या समद्या धार सोडून राह्यल्या. आपली का सोडत न्हाई?"

त्यांनी बघितलं. परत बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "खालून पाणी आत जातं, इंजिन थंड करून मागून बाहेर येतं. अन् मी तेच बुजवून टाकलं."

आत्याबाईंना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी तोंड शिवून पळवलं व्हय बिचारीला?" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मग खिळ्यानं लांबी कोरून काढली, आतली पाणी ओढणारी रबराची भिंगरी नवी घातली. नशीब, इंजिन लगेच बंद पडलं होतं, रिंगा शाबूत होत्या. फोड आलेला रंग मी पुन्हा खरडला, पुन्हा लावला. हौदाचं पाणी बदलून पुन्हा दोरी ओढली आणि मागून धार पडली, तेव्हा मालकांनी ती धार ओंजळीत धरून आम्हाला दाखवली.

होळीच्या आधी निघालो. होडीला दोन्ही बाजूंनी रिकामे हवाबंद कॅन बांधले, तिघांनी पाण्यात तरंगायची जाकिटं घातली. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसून वर नारिंगी जाकीट घातलं होतं आणि मांडीवर गाठोडं. डोळे मिटून देवाचं नाव चाललं होतं. मधे गेल्यावर मी विचारलं, "मळमळतंय का?" त्यांनी एक डोळा उघडला. "न्हाई बाई. वारं लागून राह्यलं. बरं वाटतंय."

मोटरीचा आवाज ऐकून ताई काठावर आल्या होत्या. मायलेकी एकमेकींना बिलगल्या, रडल्या, आणि लगेच ताईंनी भांडण काढलं.

"माय, तू म्हशी पाण्यावर आणतीस तवा मी हितून रोज हात करते. रोज. तू ढुंकून बघत न्हाईस. मला वाटलं तू रागावलीस माह्यावर."

आत्याबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "मला दिसतच न्हाई गं तेवढं लांबचं. दोन वर्सं झाली. बोलले असते तर ह्या दोघांनी डोळ्याच्या दवाखान्यात नेलं असतं. गाडीतून."

मालक तोंड फिरवून मोटरीचा नट आवळत बसले, तो आधीच आवळलेला होता.

चुलीपुढं बसून त्यांनी एक नाही, दोन भाकरी खाल्ल्या. निघताना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी राहते पंधरा दिस." गाठोड्यात सगळी लुगडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी घेऊन मी पाण्यावर गेले. पलीकडं काठावर दोघी उभ्या होत्या. एक बरोबर माझ्याकडं बघून हात हलवत होती. दुसरी जोरजोरात हात हलवत होती, पण भलतीकडंच, शेजाऱ्याच्या उसाकडं. मग पहिलीनं तिचे खांदे धरले आणि तिला माझ्याकडं वळवलं.