वाजवून घेणाऱ्यांचं पोर

प्रतापरावांची बोटं एका जागी कधी राहिली नाहीत. जेवायला बसले की ताटाच्या काठावर, बसमध्ये पुढच्या दांड्यावर, ऑफिसात टेबलावर. एकदा तर साहेब खरडपट्टी काढत असताना हे महाशय साहेबांच्याच टेबलावर ठेका धरून मोकळे! हैदराबादेत पाण्याच्या खात्यातली नोकरी, सहकारी बहुतेक तेलुगू. ते त्यांना ‘तबला सार’ म्हणायचे. प्रतापराव वरवर हसायचे आणि आतून धुसफुसायचे, कारण तो तबला नव्हताच मुळी. तो संबळ होता. गोंधळी कमरेला बांधून दोन काड्यांनी वाजवतात ना, तो. पण हे सांगणार कुणाला, आणि सांगून उपयोग काय?

भालकीजवळच्या गावात त्यांच्या घरची पाटीलकी. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, हे ठरलेलं. अशाच एका गोंधळाच्या दिवशी गोंधळी जेवायला बसले असताना लहानग्या प्रतापनं ओसरीवर ठेवलेल्या संबळावर काड्या टाकल्या. चांगला ठेका धरला होता म्हणे पोरानं. तेवढ्यात वडील आले आणि कानाखाली एक सणसणीत बसली. “पाटलाचं पोर वाजवत नसतं. वाजवून घेतं!” आई, चतुराबाई, हातात ज्वारीचं सूप घेऊन दारातच उभी होती. ती काही बोलली नाही. त्या काळी बोलायची सोयच नव्हती.

पाटीलकी गेली, वडील गेले, प्रतापराव हैदराबादेत आले, मलकपेठेत फ्लॅट झाला, डोक्यावरचे केस पांढरे झाले. बोटं मात्र तशीच. माणूस वाईट नव्हता हो, पण घरात कुणाला स्वस्थ बसू देईल तर शपथ! दहा मिनिटं टीव्हीपुढं, की उठून गॅलरीत. गॅलरीतून स्वयंपाकघरात. बायको शोभा म्हणायची, “तुमच्या पायाला भिंगरी अन् बोटाला भूत.”

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हायटेक सिटी उभी राहिली आणि पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं हैदराबादेत भराभर उतरायला लागली. प्रतापरावांच्या वरच्या मजल्यावर विवेक आणि मेधा हे पुण्याचं जोडपं भाड्यानं आलं. विवेक कंपनीत, मेधा घरी. घरात एक विजेवरची पेटी, म्हणजे कीबोर्ड, आणि परदेशातून आणलेला सीडी प्लेअर.

एका रविवारी दुपारी प्रतापराव नुकते आडवे झाले होते, तर वरून धडाम् धडाम् सुरू. ते ताडकन उठले. “थांब, बघतोच या पुणेकरांना,” म्हणत जिने चढले, बेलवर बोट दाबून धरलं. दार उघडलं आणि आतला आवाज अंगावर आला.

खालच्या सुरात विजेवरचं काहीतरी खोल घुमत होतं. त्याच्यावर ढोल. आपल्याकडचा नाही, पण ठेका असा आडवातिडवा की ऐकणाऱ्याचा पाय हललाच पाहिजे. आणि त्या सगळ्यावरून एक बाई कुणाला तरी लांबून साद घालत होती. शब्द एक कळेना. पण साद मात्र ओळखीची वाटली. भालकीच्या अंगणात गोंधळी देवीला बोलवायचा, अगदी तशी.

“अय्या, काका! आवाज फार झाला का? सॉरी हं, कमी करते,” दारातून मेधा म्हणाली.

“नक्को!” प्रतापराव ओरडलेच. “कमी नको करू. वाढव, वाढव.”

भांडायला गेलेला माणूस दोन तास वर बसून आला. सीडीच्या डबीवरचा फोटो त्यांनी किती वेळा हातात घेतला, देव जाणे. आफ्रिकेतलं कुठलंसं गाव, गावकरी बसलेले, आणि त्यांच्यात मांडी घालून एक चष्मेवाला गोरा, मांडीवर त्यांचाच ढोल.

“हा कोण?”

“हा इंग्लंडचा, काका. यांच्याकडे जाऊन शिकला. जुनी गाणी त्यांची, मशीनचे सूर याचे. याला वर्ल्ड म्युझिक म्हणतात.”

“पण ढोल तर त्यांचा हाय. यानं मागितला अन् त्यांनी दिला?”

“मग? त्यात काय!” मेधा म्हणाली.

त्यात काय! पुण्याच्या पोरीला काय ठाऊक त्यात काय. प्रतापरावांची त्या दिवसापासून झोपच उडाली. मेधानं त्यांना कॅसेट भरून दिली. ती ऐकून ऐकून घासली. चिक्कडपल्लीतल्या कॅसेटच्या दुकानात जाऊन त्यांनी “असलंच, पण आपल्या संबळाचं हाय का” विचारलं, तर दुकानदारानं भजनांची कॅसेट पुढं सारली. चरफडत परत आले. घरी स्टीलचे डबे पालथे घालून बडवायला लागले. चतुराबाई आतून ओरडल्या, “भांडी फोडायलास काय रे? पोरीचं लगीन तोंडावर आलंय!”

खरंच आलं होतं. धाकटी लेक त्रिवेणी, तिचं लग्न. लग्नानंतर गोंधळ, आणि गोंधळाला परंपरेनं गावाकडचे नामदेवराव गोंधळी. प्रतापरावांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला: या गोंधळात संबळ आपण वाजवायचा. शेजारी मेधाची विजेची पेटी; ती तर एका पायावर तयार होती. आता नाही तर कधीच नाही.

नामदेवरावांना आणायला ते नामपल्ली स्टेशनावर गेले. रिक्षात बसल्या बसल्या बोलून टाकलं. म्हाताऱ्याला आधी चेष्टाच वाटली.

“पेटी वाजवू द्या की त्या पोरीला,” मग ते म्हणाले. “देवीला सूर चालतोय, विजेतून का येईना. पर तुमचं अवघड हाय, पाटील. आमच्या घरात रीत हाय. माझ्या गळ्यात गोंधळ्याची कवड्यांची माळ पडली तवा आधी पाच घरं जोगवा मागितला. हात पसरल्याबिगर संबळाला हात लावत न्हाई आमी. तुमी मागाल?”

 जोगवा म्हणजे काय, हे प्रतापरावांना सांगायला नको होतं. हातात वेताची परडी घ्यायची, अनवाणी दारोदार उभं राहायचं आणि देवीच्या नावानं धान्य मागायचं. त्यांच्या वाड्यावर जोगवा मागायला माणसं यायची. वाड्यातून कुणी गेलं नव्हतं.

घरी चतुराबाईंनी ऐकलं मात्र, आकाशपाताळ एक केलं. “परडी घेऊन हिंडणार? मलकपेठेत? लोकं शेण घालतील तोंडात! तू संबळाला हात लाव, मी गोंधळाला बसणार न्हाई. सांगून ठेवते.”

ही नुसती धमकी नव्हती. गोंधळाची दिवटी घरातल्या थोरल्या बाईनं पेटवायची असते. आजीच नाही बसली, तर त्रिवेणीच्या गोंधळाला अर्थ काय? शोभा रडकुंडीला आली. “कशाला हट्टाला पेटलात? आयुष्य गेलं की तसंच.”

“तेच तर!” प्रतापराव म्हणाले, आणि पुन्हा गॅलरीत गेले.

लग्न पार पडलं. गोंधळ शुक्रवारी सांजेला. शुक्रवारी सकाळी प्रतापरावांनी आंघोळ केली, कपाळाला कुंकू लावलं, नामदेवरावांची परडी घेतली आणि अनवाणी निघाले. चतुराबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

पहिलं घर शेजारच्या तेलुगू मास्तरीणबाईंचं. दार उघडलं. प्रतापराव उभे. ‘जोगवा’ हा एवढा शब्द, पण घशातून बाहेर येईल तर ना! बाईंनी बघितलं, कपाळाला कुंकू, हातात परडी, घरात कार्य. त्यांना वाटलं, संध्याकाळच्या पूजेचं आमंत्रण द्यायला आलेत. “कूर्चोंडि सार, कूर्चोंडि,” म्हणत त्यांनी बसवलं, कॉफी पाजली, नक्की येतो म्हणाल्या. प्रतापराव मान डोलावून बाहेर पडले. समोर निवृत्त उर्दू मास्तर. तिथं चहा आणि उस्मानिया बिस्किटं. “जरूर आएंगे जी, आप क्यों तकलीफ किए?” तिसऱ्या घरी पुन्हा कॉफी. चौथ्या घरी, म्हणजे मेधाकडं, सरबत. तिनं तर परडीकडं बघून विचारलंही, “काका, यात काय न्यायचंय का?” प्रतापराव म्हणाले, “छे छे, काही नाही.”

आता याला काय म्हणावं! चार दारांत पोट डबडबेपर्यंत पाहुणचार झाला आणि परडीत एक दाणा नाही. अख्ख्या बिल्डिंगीला निमंत्रण मात्र गेलं. मागायला निघालेला माणूस आयुष्यभर वाढणाऱ्यांच्या घरात वाढलेला; मान ताठ, चेहरा यजमानाचा. लोकांनी तरी काय समजावं?

जिन्याच्या पायरीवर ते मटकन बसले. लाजेनं कान तापले होते. मागितलं तर लाज आणि न मागता आलो तर त्याहून लाज. त्या चष्मेवाल्या गोऱ्याचा त्यांना मनापासून हेवा वाटला. बसला असेल मांडी घालून, म्हणाला असेल, मला शिकवा. एवढंच तर बोलायचं होतं.

ते उठले आणि स्वतःच्या दारात येऊन उभे राहिले. चतुराबाई खुर्चीतच होत्या. मागं त्रिवेणी, शोभा, कोपऱ्यात नामदेवराव.

“आई,” प्रतापरावांनी परडी पुढं केली. “जोगवा वाढ.”

चतुराबाईंनी परडीत डोकावून बघितलं. “चार घरं हिंडलास ना? मग ही रिकामी कशी?”

“मला मागताच आलं न्हाई, आई.”

“अन् आता जे पुटपुटलास, ते मला ऐकू आलं न्हाई.”

प्रतापरावांनी डोळे मिटले. आणि लहानपणी गोंधळ्याकडून ऐकलेली ती साद त्यांच्या घशातून अशी काही फुटली, की जिना दणाणला. “अंबाबाईचा जोगवा! उदो! उदो!” आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ते थांबले नाहीत. एकामागून एक दारं उघडली. मास्तरीणबाईंच्या ध्यानात आधी आलं; त्या कपाळावर हात मारून तांदूळ आणायला पळाल्या. उर्दू मास्तरांनी गव्हाची ओंजळ आणली. मेधा धावत खाली आली, ओढणीत डाळ घेऊन, “काका, मघाशी सांगायचं ना हो!” म्हणत.

चतुराबाई उठून आत गेल्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारी रुसून बसली. प्रतापराव परडी धरून तसेच उभे. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. हातात ज्वारीचं सूप होतं.

“त्या दिवशीबी हेच सूप हातात होतं,” त्या म्हणाल्या. “तवा बोलायला पायजे होतं मी.” आणि सूप परडीत रिकामं केलं.

सांजेला गच्चीवर देवीच्या पूजेचा चौक मांडला. मेधानं विजेच्या पेटीवर एकच खोल सूर धरला, सीडीतल्यासारखा घुमणारा. नामदेवरावांनी तुणतुणं घेतलं आणि संबळ प्रतापरावांच्या कमरेला बांधला. पहिले दोन ठेके साफ चुकले. “धीरानं, पाटील,” नामदेवराव कुजबुजले. मग बोटांना रस्ता सापडला. बोलावलेली आणि न बोलावलेली सगळी बिल्डिंग वर आली होती. उर्दू मास्तरांचा पाय हलत होता. खुर्च्या मागं सरकवून पोरी नाचायला लागल्या.

गावाकडून आलेली एक नणंद चतुराबाईंच्या कानाला लागली. “अगं बया! वाजवायलाय तो आपला प्रताप का काय? पाटलाचं पोर?”

“हौ,” चतुराबाई म्हणाल्या. “माझं पोर हाय. जोगवा मागून आलंय.”

आणि त्यांनी हातातली दिवटी थोडी उंच धरली, प्रतापच्या हातांवर उजेड पडेल अशी.