कुपवाडच्या शेडमधल्या तीन आकृत्या

हे आखातातून कायमचे परत आले ते मामंजींना अर्धांगवायू झाला म्हणून. सामान मुंबईहून टेम्पोनं साताऱ्याला आलं. माझ्यासाठी मिक्सर होता, मामंजींसाठी ब्लँकेट, आणि एक लाकडी खोकं होतं, जे उतरवायला गल्लीतली माणसं बोलवावी लागली.

"काय आहे ह्यात?" मी विचारलं.

"इंजीन."

"कशाचं?"

"सांगतो सावकाश," हे म्हणाले, आणि खोकं पडवीत ढकलून त्यावर ताडपत्री टाकली.

सावकाश म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत. यांना एमआयडीसीत पंपाच्या कारखान्यात काम मिळालं, मी सकाळची शाळा करून दुपारी घरी यायची, आणि मामंजींना भरवणं, कूस बदलवणं यात दोघांचे दिवस जायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही सलग एका घरात राहत होतो. त्याआधी हे दोन वर्षांतून एकदा यायचे. सुट्टी संपत आली की आम्ही दोघंही कमी बोलायला लागायचो. पत्रात नेहमी तेच असायचं. मी ठीक आहे, ऊन फार आहे, आबांना औषध वेळेवर दे. मी मनात त्यांची एक खोली रचली होती. लोखंडी कॉट, खुंटीवर शर्ट, आणि हे उताणे पडून रेडिओ ऐकताहेत. दिवेलागणीला मी त्या खोलीत जाऊन यायची.

एका रविवारी शेजारच्या काकूंना मामंजींजवळ बसवून आम्ही स्कूटरनं वाईच्या पुढं धोम धरणाकडं गेलो. वारा पडला होता. पाणी पार पलीकडच्या डोंगरापर्यंत सपाट होतं, त्यावर एक रेघसुद्धा नव्हती. हे काठावर उभे राहिले ते बोलेचनात. डबा उघडला तरी आले नाहीत.

"काय झालं हो?"

"अगं, हे असंच होतं तिथं. संध्याकाळी."

मग त्यांनी सांगितलं. हॉटेलच्या मागं खाडी होती. पाहुण्यांना फिरवायच्या बोटी आणि पाण्यावरच्या स्कूटरी, म्हणजे जेट स्की, दुरुस्त करणं हे यांचं काम. बाकीच्या जेट स्की बसून चालवायच्या. एकच होती ती उभ्यानं चालवायची, पुढं एक लांब दांडा, त्याला हँडल. ती कुणा पाहुण्याला जमायची नाही, म्हणून मेकॅनिकांकडंच पडून असायची. पाहुणे गेले, वारा पडला की हे ती पाण्यात घालायचे. पहिल्या वर्षी नुसतंच उभं राहायला शिकले. मग जागच्या जागी गिरकी, मग नाक पाण्यात खुपसून पाण्याखालून बाहेर येणं. शेवटच्या वर्षी मशिनीसकट हवेत कोलांटी घ्यायचा प्रयत्न चालला होता. ती अजून साधली नव्हती. एक दिवस धक्क्यावर आपटून तिची बॉडी उभी चिरली. परत निघताना मॅनेजरनं इंजीन, पाणी फेकणारा पंप आणि तो दांडा यांना देऊन टाकला.

"पत्रात कधी लिहिलं नाहीत."

"काय लिहिणार? तू इकडं आबांचं सगळं बघतेस, आणि मी पाण्यावर खेळतोय म्हणून लिहू?"

परतताना मी मागं बसून विचार करत होते. राग नव्हता. पण इतकी वर्षं मी ज्या खोलीत जाऊन येत होते तिथं हे नव्हतेच. मी त्यांची चुकीच्या जागी वाट पाहत होते, असं काहीतरी वाटत राहिलं.

पाण्याची ओढ मला नवी नव्हती. माझं माहेर सांगलीचं. पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले मी, आणि न्हाण आल्यावर ते बंद झालं. साताऱ्यात तर पोहायचं नावच नाही. हे मी यांना त्या रात्री जेवताना सांगितलं. यांनी हातातला घास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं.

"तुला पोहता येतं?"

"येत होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि एकमेकांचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

इंजीन होतं, बॉडी नव्हती. तिकडच्या एका फिलिपिनो जोडीदाराला यांनी पत्र टाकलं. त्यानं कॅटलॉगची पानं पाठवली. मशीन बनवणारी कंपनी वेगळी, आणि नुसत्या बॉड्या बनवणारे कारागीर वेगळे असतात, हे मला तेव्हा कळलं. कसरतीसाठी लोक कंपनीची बॉडी काढून टाकतात आणि या कारागिरांची घेतात. त्या मागवणं आम्हाला शक्यच नव्हतं. पण माझ्या मावसभावाची कुपवाडला फायबरची शेड होती. पाण्याच्या टाक्या आणि कूलरची खोकी तो बनवायचा. त्याला पानं दाखवली तर तो म्हणाला, "दाजी, टाकी काय आन् ही काय, साचा झाला की झालं. पर कंची करायची ते आधी ठरवा. साचा एकदाच हुतोय."

म्हणून आम्ही एका सुट्टीच्या दिवशी एसटीनं सांगलीला आणि तिथून रिक्षानं कुपवाडला गेलो. औद्योगिक वसाहत बंद होती. शेडमध्ये फायबरवर ओतायच्या रेझिनचा डोकं उठवणारा वास कोंडला होता. भावानं दोन्ही दारं उघडली, फरशी झाडून घेतली, आणि यांनी टेप लावून खडूनं तीन आकृत्या काढल्या, खऱ्या मापाच्या, शेजारी शेजारी.

पहिली कंपनीसारखी. लांब, पोट होडीसारखं खोल. "ही सरळ पळती," हे म्हणाले. "लाट कापायला चांगली. पण सपाट पाण्यात हिला वळवायचं म्हणजे रेडा वळवायचा."

तिसरी सगळ्यांत लांडी. पहिलीपेक्षा हातभर कमी, नाक वर उचललेलं, बूड सपाट आणि रुंद.

"आन् ही का चांगली?" भावानं विचारलं.

"समुद्रात लाट असती ना, ती आपल्याला उचलून देती. सपाट पाण्यात उचलणारं कोण नाही. नाक दाबायचं, ते परत वर उसळतं, त्याच उसळीवर मागनं इंजीननं ढकलायचं. जितकी हलकी आणि लांडी, तितकी उसळी चांगली. ही आपल्या शेपटीवर फिरती."

"मग हीच करू की."

"हिच्यात एक आहे. थांबली की बुडती. गुडघाभर पाण्यात जाती, वेग आला तरच वर येती. नवख्याला हिच्यावर चढताही येणार नाही."

मधली या दोघींच्या मधली. बूड सपाट, पण लांबी थोडी जास्त, कडा गोल. उभं राहणाऱ्याला सांभाळून घेणारी.

मग हे तिसऱ्या आकृतीत जाऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्यात तशा. भावानं एक लोखंडी पाईप दिला, तो त्यांनी दांड्यासारखा धरला. एक पाय पुढं, एक मागं. गुडघे वाकले, खांदे सैल झाले, आणि हे कमरेतून असे काही वळले की मी पाहतच राहिले. चाळिशीला टेकलेला, मामंजींना उचलून उचलून पाठ धरलेला माणूस. त्यांचे डोळे शेडच्या भिंतीपलीकडं कुठंतरी होते. ओठ किंचित उघडे. या चेहऱ्यानं हे माझ्याकडं कधी आले नव्हते. सुट्टीवर यायचे तो चेहरा थकलेला असायचा, नाहीतर निघायच्या घाईतला. इतकी वर्षं पत्रातून जे माझ्यापर्यंत आलं नाही ते मी कुपवाडच्या फरशीवर पाहिलं. मी उठून दाराशी गेले आणि उगाच बाहेर बघत राहिले.

"तू पण उभी राहून बघ," हे मागनं म्हणाले.

मी पदर खोचून मधल्या आकृतीत उभी राहिले. पाईप हातात घेतला. भाऊ हसला. "अक्का, पोलीस हवालदार दिसायलीस."

"मला काय करायचंय," मी पाईप परत देत म्हणाले. "तुम्ही ती लांडीच करा."

"एकट्यालाच चालवता येईल मग."

"चालेल. मला ती कोलांटी बघायचीय."

मी चहाला म्हणून मावशीकडं गेले, आणि दोघं मागं थांबले.

साचा व्हायला, मग बॉडी व्हायला भावानं वेळ घेतला. टाक्यांच्या ऑर्डरीतून सवड मिळेल तसं त्यानं केलं. दरम्यान मामंजी गेले. शेवटच्या दिवसांत ते यांना हातानंच खुणावून विचारायचे, नाव झाली का? फौजेत त्यांनी नद्यांवर पूल बांधले होते. बोट म्हटलं की त्यांचा चांगला हात वर उठायचा. हे त्यांच्या कानाशी बसून रेझिन आणि कापडाच्या थरांचं सगळं सांगायचे.

थंडीत भावाचा निरोप आला. सांगलीला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी रुंद आणि थोपलेली असते. भावानं टेम्पोतून बॉडी आणली, पांढरी, आधीच कुपवाडला पाठवलेलं इंजीन बसवलेली. पाहताक्षणी मला कळलं. ती लांडी नव्हती. मधली होती.

"ही का केलीत?" मी विचारलं.

"दोघांना चालेल म्हणून," हे म्हणाले. दांडा पुसत होते, माझ्याकडं पाहिलं नाही.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"तू मधल्या आकृतीत उभी राहिलीस तेव्हा तुझे पाय बघितले मी. बरोबर ठेवले होतेस."

खरं तर मला रडू येत होतं, आणि कशाचं ते नीट सांगता आलं नसतं.

हे पाण्यात उतरले. पोटावर पडून मशीन सुरू केली, मग गुडघ्यावर, मग उभे. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका थांबल्या. हे दूरवर गेले, वळले, आणि ऐन मधोमध गिरकी घेतली. पाण्याची गोल भिंत उठली. मग नाक खुपसलं आणि हे मशिनीसकट दिसेनासे झाले. मी एक पायरी खाली उतरले. तेवढ्यात ते पलीकडं वर आले, तोंडातलं पाणी थुंकत.

कोलांटी मात्र झाली नाही. पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी मशीन अर्धी वळायची आणि हे पाठीवर आपटायचे. शेवटी काठाला आले, छाती धपापत होती.

"माझंच चुकलं, दाजी," भाऊ म्हणाला. "तडकंल म्हणून दोन थर जास्तीचं घातलं म्या."

"थरांचं नाही रे. लांबी थोडी नडती. पण छान झालीय. खूप छान."

मग मी गेले. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला. पाणी गार होतं, आणि पायाखालचा तोच चिखल. हे पाण्यात उभं राहून मागून धरत होते. गुडघ्यावर बसून थोडं अंतर गेले, मग उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. वारा कानात भरला होता. मग पडले, आणि पडल्यावर पोहत बाहेर आले, कुणी हात न देता. अंगाला सगळं आठवत होतं.

दोन हिवाळे आम्ही तिथं गेलो. कोलांटी नाही जमली. मग इंजीनचं एक सील गेलं, ते इथं कुठं मिळेना, आणि त्याच सुमारास खाडीवरच्या त्या हॉटेलनं यांना परत बोलावलं, यावेळी वरच्या जागेवर. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पंपाचा कारखाना एका पाळीवर आला होता. घरात आता आम्ही दोघंच होतो, मामंजींची काळजी उरली नव्हती.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मी शाळा सोडणार नाही."

ते गेल्यावर शुक्रवारी फोन यायचा, शेजारच्या काकूंकडं. त्यांच्या बैठकीत टीव्ही चालू असायचा, सगळी माणसं बसलेली, आणि मी भिंतीकडं तोंड करून बोलायची. एका शुक्रवारी हे म्हणाले, "अगं, काल जमली."

"काय?"

"कोलांटी. इथं एकाकडं लांडी बॉडी आहे. त्याची घेतली होती."

मला खूप विचारायचं होतं. पाणी कसं होतं, उजेड किती होता, वर असताना काय दिसलं, काठावर कोण होतं. मागं काकूंचा नातू रिमोटवरून भांडत होता.

"बरं झालं," मी म्हणाले.

"तू असायला हवी होतीस."

"हो."

मग यांनी गॅसचा नंबर लागला का विचारलं, आणि मी सांगितलं की अजून नाही, पुढच्या आठवड्यात येईल असं गॅसवाला म्हणाला.