मागच्या कोपऱ्यातला मुरूम

हे मी माझ्या माणसालाही सांगितलं नाही. तो गेला, तेव्हाही नाही. अचलपूरचे दौलतबाबा गवंडी हात थकले म्हणून काम सोडून बसले, असं अजून लोक म्हणतात. मी ऐकून घेते. पण खरं — खरं तसं नव्हतं.

तेव्हा दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्या त्याच्या डोक्यात पक्कं घर. शेजारीच माझ्या जावेचं जोतं वर आलं, आणि आमचा पायाही खणून झाला नव्हता. पोटात दुखायचं माझ्या. खोटं कशाला बोलू?

दौलतबाबांना मीच बोलावलं होतं. त्यांची अट एकच. "माय, काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. मुरूम लागल्याबिगर मी गोटा ठेवत नाही." डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून खड्ड्यात उतरून ते मुरूम बोटांनी चोळून पाहत. तीन कोपऱ्यांत लागला. मागच्या कोपऱ्यात छातीइतकं खणलं, तरी काळीच. त्यातच मजूर जास्त रोजासाठी बडनेऱ्याला रेल्वेच्या कामावर निघून गेले. बाबा चुना आणायला गेलेले. पलीकडे जावेच्या भिंती उठत होत्या.

मी नाल्याकाठचा मुरूम पाटीनं वाहून आणला. कोपऱ्यात पसरला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून ठोकून बसवला. दुसऱ्या कुणी नाही — मीच, या हातांनी.

बाबा परतले, खड्ड्यात उतरले, चिमूट चोळली. "लागला का वं माय?"

"लागला," मी म्हटलं. त्यांनी दगड ठेवला.

इतकं करूनही घरभरणी जावेचीच आधी झाली. आणि दुसऱ्या पावसाळ्यात आमची मागची भिंत वरून खालपर्यंत फाटली. ऐकून बाबा आले. भेगेत बोटं घालून खालपर्यंत चाचपत गेले. "माह्या हातानं मले धोका देल्ला, माय. आता कोणाच्याच घराले हात लावत नाही."

तेव्हा सांगता आलं नसतं का? एका वाक्याचं तर काम होतं. मी काय म्हणाले ठाऊक आहे? "जाऊ द्या बाबा, वयानं होते असं."

मी त्यांना माफ केलं — मी. बापाच्या वयाचा तो माणूस माझ्या पायांवर वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.