तळेगावचा चढ आणि धाकटं चक्र

वर्ध्याहून तळेगावला सायकलने जायचं ठरवलं, तेव्हा सल्ला फुकट मिळाला आणि भरपूर मिळाला. यजमान गेल्यापासून माझ्या दारात सांत्वन आणि सल्ला एकाच पायताणात येतात.

सायकल त्यांची. तिच्यावर पाट्या, पेन्सिली आणि पुस्तकांची पेटी बांधून ते गावोगावचे बाजार करायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पेटीतल्या न खपलेल्या पुस्तकांवर. तळेगावचा बाजार त्यांचा सर्वांत चांगला. तो मला जमला तर धंदा आणि सायकल माझ्याकडे राहणार; नाही जमला तर दोन्ही माझ्या धाकट्या दिरांकडे, नामदेवभाऊजींकडे जाणार, असं घरात ठरलं. ठरत होतं तेव्हा मी आत सगळ्यांसाठी चहा करत होते.

या सायकलीला पायडलजवळ एकाऐवजी दोन दातेरी चक्रं आहेत. चेन थोरल्यावर असली की सायकल पळते. धाकट्यावर असली की रेंगाळते, पण चढ सोपा जातो. बदलण्याची सोय म्हणाल तर आपले दोन हात. उतरायचं, पान्याने मागचं चाक ढिलं करायचं, चेन उचलून दुसऱ्या चक्रावर घालायची, चाक मागे ओढून पुन्हा आवळायचं. शिवाय दोन चक्रांवर चेनकव्हर बसत नाही, म्हणजे लुगड्याचा काठ चेनच्या तोंडी.

"वैनी, ते धाकलं चक्र काढून टाकू," भाऊजी म्हणाले. "कव्हर बसन, लुगडं वाचन. दादानं ते कधी वापरलंच नाई. तळेगावचा चढ थोरल्यावरच जाये, पाय न टेकता!"

हा पराक्रम मी खुद्द यजमानांकडून इतक्यांदा ऐकला होता की चढ मलाच पाठ झाला होता. धाकटं चक्र त्यांनी म्हणे माझ्यासाठी बसवलं होतं, मी कधी सोबत आले तर म्हणून. मी त्यांचे हात पाहायची. चेनला हात लावलेला माणूस लपत नाही. ते स्वच्छ हातांनी घरी यायचे.

"आल्यावर काढजा," म्हटलं आणि निघाले.

पहिला दिवस आंजी, खरांगणा करत आर्वीपर्यंत. रस्ता मुरुमाचा, कापसाच्या गाडीमागे सापडलात तर धुळीचं जेवण होतं. बायांनी नऊवारीच नेसावं, कासोटा घट्ट खोचावा. आंजीला चहा बरा मिळतो, बघे त्याहून बरे. आर्वीच्या धर्मशाळेत निजायला जागा आहे, ढेकणांनाही आहे. मी भाकर आणि ठेचा बांधून नेला होता, तुम्हीही न्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावच्या अलीकडचा तो चढ आला. घराण्याची अब्रू होती, म्हणून थोरल्या चक्रावरच निघाले. निम्म्यात पाय थांबले, पेटीच्या वजनाने सायकल मागे सरकू लागली आणि मी घाईने उतरले.

एका बंडीवाल्याने बैल हळू केले. "बाई, तुमी सायकलीले नेऊन राह्यल्या का सायकल तुमाले?"

"दोघीईले तुमचे बैल नेतीन का?" मी विचारलं. तो हसत पुढे गेला. बैल समजूतदार, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

सायकल ढकलत पायथ्याशी परत आले. तिथे झाडाखाली भागाबाई नावाच्या म्हातारीची चहाची चूल आहे. तिने आधी पेटी पाहिली, मग माझं कोरं कपाळ.

"पुस्तकवाले भाऊ गेले काय वं?"

मी मान हलवली. तिने चुलीत एक काटकी सरकवली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग इथंच चेन बदल ना. ते इथंच बदलत. मंग माह्या चुलीतल्या राखेनं हात घासत. म्हणत, बाई, माह्या घरी कोणाले सांगजो नोको."

मी हसले. मोठ्याने हसले.

"मांगच्या उन्हायात तं चेन बदलून बी बसून राहत, छातीले हात लावून. म्या म्हटलं, दम लागला असन."

हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. मग पाना काढला. चेन उचलली तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं: धाकट्या चक्राचे दाते थोरल्यापेक्षा जास्त झिजले होते. चढ चढले. हळू, बैलांच्याच चालीने, पण पाय न टेकता.

बाजारात पाट्या सगळ्या गेल्या. पुस्तकं नेहमीप्रमाणे वाचायला मला उरली.

घरी पोहोचले तर भाऊजी पाना घेऊन तयारच. "काढू का आता?"

"राहू द्या भाऊजी. त्याईले लागत नव्हतं, मले लागते."

"बाईमाणसाले लागनच," ते खुशीत म्हणाले. मी हो म्हटलं. भाऊजी मासिकं वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

तर एक चक्र घ्यावं की दोन? सपाटीवर राहणार असाल तर एक, कव्हरसकट. चढ असेल तर दोन, आणि लुगडी काळ्या काठाची.

आता त्या बाजाराला मी नेहमी जाते. चेन बदलली की भागाबाई राख पुढे करते. मी घेत नाही. घरी माझे हात पाहणारं कोण आहे?