व्याह्यांना गवत उपटायला लावलं त्याची हकिकत

बायकोच्या वर्षश्राद्धाला महिना उरला असताना मी लोहार झालो.

तसा मी केडगावचा शेतकरी. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींनी वैतागून पुढं ढकललेली. भात्याला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. पण ही गेल्यापासून घरात बोलायला भिंतीशिवाय कोणी उरलं नाही, आणि मी भिंतीशी बोलायला लागलोय हे माझ्या नातीच्या, ऋतुजाच्या, कानावर गेलं. ती पुण्याला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली आणि माझ्या फोनमध्ये एक खेळ घालून गेली. त्यात जंगल, डोंगर, राक्षस, बाजार, सगळं आहे. आपण एक गडी निवडायचा आणि हिंडायचं. कानात ती ऐकायची बोंडं घातली की खेळणारे एकमेकांशी बोलतात. खरं औषध ते होतं. (नर्सच ती. गोळी गुळात घालून देते.)

आमच्या टोळीत चौघं. मी, ऋतुजा, तिचा बाप म्हणजे माझे जावई संतोषराव, आणि तिचे दुसरे आजोबा, म्हणजे माझे शिरूरकडचे व्याही आबासाहेब. संतोषराव रांजणगावला कंपनीत आहेत. आबासाहेब गावचे माजी सरपंच. समोर पाणी ठेवलं तरी कोणीतरी ‘घ्या’ म्हणेपर्यंत तांब्याला हात लावत नाहीत, असा माणूस.

पहिल्याच संध्याकाळी ऋतुजानं कानात सांगितलं, "आप्पा, इथं प्रत्येकानं एक धंदा धरायचा असतो. नीट ऐका. फायदा कच्च्या मालात आहे. खाणीतून लोखंड काढा, नाहीतर जंगलातला औषधी पाला गोळा करा, आणि बाजारात विका. लोहार, सोनार, शिंपी यांच्या नादाला लागू नका. ते नुसता माल खातात."

"सगळ्यात जास्त कशात सुटतंय?"

"पाल्यात. औषधाला मागणी कायमच."

आता शहाण्या माणसानं चौघांनाही पाला गोळा करायला लावलं असतं. पण मी मुलीचा बाप. लग्नात पंगत बसवावी तसे मी धंदे वाटायला बसलो. कुणाचा मान पहिला, कुणाचा दुसरा. हे काम खरं तर हिचं. आमच्या घरात मानपान तिच्याकडं होतं आणि बैल माझ्याकडं.

जावयाला खाणीत कसं धाडायचं? मी म्हणालो, "जावईबापू, तुम्ही सोनार व्हा. शोभंल तुम्हाला."

"आप्पा, मला खाणच द्या. दिवसभर सायेब डोक्यावर असतो. हितं एकटा खणत बसतो, डोकं हलकं हुतंय."

"लोकं काय म्हणतील? सासऱ्यानं जावयाला खणायला घातला."

"आप्पा, तिथं लोकं न्हाईत. राक्षस हायत."

"त्यांना तोंडं न्हाईत व्हय?"

पण ते ऐकेनात. गेले खाणीत. मीही आधी जंगलात जाऊन बघितलं होतं, पण पळायचं बटण आणि बसायचं बटण शेजारी शेजारी. रानडुक्कर अंगावर आलं की मी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचो. शेवटी वैतागून ऋतुजानं मला गावात आणून ऐरणीपुढं बसवलं. "लोहारच व्हा. निदान जिवंत तरी राहाल."

तर असा मी लोहार झालो. लोखंड लागायचं ते जावईबापू खाणीतून धाडायचे, फुकट. लेकीच्या घरचं फुकट कसं घ्यायचं? मी दुप्पट भावानं पैसे धाडले. त्यांनी परत केले. (तेही बरोबर. सासऱ्याकडून लोखंडाचे पैसे कोण घेतो?) मी पुन्हा धाडले. पैसा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि प्रत्येक खेपेला खेळ आपली दलाली कापून घ्यायचा. बघता बघता आम्हा दोघांचं दिवाळं निघालं. मान मात्र दोघांचा राखलेला.

"तुम्ही दोघं वेडे आहात का?" ऋतुजा म्हणाली.

"तुझं लगीन झालं की कळंल," मी म्हणालो.

राहिले आबासाहेब. व्याह्यांना उत्तम ते द्यायचं, ही रीत. उत्तम काय, तर पाला. मी परस्पर ऋतुजाला सांगितलं आणि तिनं त्यांच्या गड्याला तसं लावून दिलं.

त्यांचा गडी बघण्यासारखा होता. पांढरी दाढी, छातीवर चिलखत, खांद्यावर वाघाचं कातडं. तो एवढा गडी जंगलात शिरला, वाकला, एक रोपटं उपटलं, उभा राहिला, चार पावलं चालला, पुन्हा वाकला. मी इकडं छपराखाली बसून हातोडा मारतोय.

"पाव्हणं," आबासाहेब म्हणाले.

"बोला."

"माझ्या रानात खुरपायला बाया येत्यात. मी बांधावर उभा ऱ्हातो."

"व्हय की."

"मग हितं मी वाकतोय आन् तुम्ही बसलाय. पोराच्या बापानं गवत उपटायचं आन् पोरीच्या बापानं सावलीत बसायचं, ह्यो कुठला रिवाज?"

"आबासाहेब, त्यात फायदा लई हाय."

"फायद्यासाठी सोयरीक केली व्हती का आपण?"

आणि गेले. फोनवर लाल अक्षरं उमटली. ऋतुजानं वाचून सांगितलं, "आप्पा, आबांनी टोळी सोडली."

सकाळी लेकीचा, सुमनचा, फोन. "आप्पा, काय करून ठेवलंत? आबा रातीपासनं गप हायत. म्हणत्यात, आईच्या वर्षश्राद्धाला संतोष जाईल, मी न्हाई."

हिच्या दहाव्याला घाटावर मला दंडाला धरून उभा राहिलेला माणूस हा. माझे पाय चालत नव्हते, तर यांनी चालवलं. तो वर्षश्राद्धाला नाही म्हटल्यावर पंगतीत चार माणसं विचारणार, ते एक. पण हिच्या फोटोपुढं मी काय तोंड घेऊन उभा राहणार होतो? पोर त्या घरात नांदते. एवढ्या वर्षांत हिनं त्या घराशी एक वाकडा शब्द होऊ दिला नव्हता. मी वर्षाच्या आत, तेही राक्षसाच्या राज्यात, तो करून दाखवला.

म्हटलं, आहेर करावा. उरलंसुरलं लोखंड, जावईबापूंची उसनवारी, सगळं घालून मी एक टोप बनवला. फेटा जमत नव्हता, टोपच होता. त्याला दोन शिंगं होती, पण त्याला इलाज नाही. टोप शिरूरला धाडला आणि वाट बघत बसलो.

संध्याकाळी जावईबापूंचा फोन. आवाज बारीक. "आप्पा, टोप पोचला."

"घातला का?"

"घालाय गेले. पर खेळानं इंग्रजीत कायतरी लिवलं. आबा म्हणाले, वाच."

"मग?"

"वाचलं. ‘हा टोप घालायची तुमची अजून पात्रता नाही.’"

"खोटं कायतरी सांगायचं की वो जावईबापू."

"सुचलंच न्हाई, आप्पा."

दुसऱ्या दिवशी चौफुल्यावर जाऊन शिरूरची एसटी धरली. सोबत काय न्यावं तेही कळेना. ही असती तर पिशवी भरून तयार असती आणि मला फक्त उचलायची असती. रिकाम्या हातानं गेलो.

आबासाहेब ओसरीवर कॉटवर बसलेले. चष्मा नाकावर, फोन हातात. "या," म्हणाले, पण वर बघितलं नाही. सुमननं पाणी आणलं. मी पाणी प्यालो, तोंड पुसलं आणि म्हणालो, "आबासाहेब, चुकलं माझं."

"थांबा जरा. लांडगा हाय."

मी थांबलो. लांडगा गेला. मान लांब करून बघतो तर त्यांचा गडी वाकलेला, रोपटं उपटतोय.

"तुम्ही अजून उपटताय?"

"टोळी सोडली. धंदा कशाला सोडू?"

सुमन दारातून म्हणाली, "आप्पा, तवापासनं ह्येच चाललंय. जेवाय हाक मारली तर म्हणत्यात, निळं फूल आलंय, आत्ता सोडून कसा येऊ? खेळात वाडा घेतलाय त्यांनी. घोडा घेतलाय."

"दोन घोडे," आबासाहेब म्हणाले.

मग त्यांनी फोन कॉटवर पालथा ठेवला. "पाव्हणं, राग कामाचा न्हवता. विहीणबाई साधा ब्लाऊजपीस द्यायच्या, तरी आधी फोन करायच्या, रंग कुठला चालंल म्हणून. तुम्ही परस्पर ठरवून मोकळे. मला वाटलं, त्या गेल्या, आन् आमच्या घराला इचारायचंबी त्यांच्यासंगं गेलं."

मी खरं ते सांगितलं. "मला इचारता येत न्हाई, आबासाहेब. ते काम तिचं व्हतं."

"मग इचारा की आता."

"वर्षश्राद्धाला येता का?"

"येतो," ते म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या त्यांनीच माझ्याकडं सरकवला.

आले. सगळ्यांच्या आधी आले, पंगतीत स्वतः वाढायला उभे राहिले. फोटोपुढं उभे राहिले तेव्हा डोळे पुसले, मग माझ्याकडं न बघता बाहेर गेले. संध्याकाळी सगळी माणसं पांगली आणि घरात पुन्हा मी आणि भिंती उरलो.

दुसऱ्या दिवशी कानात बोंडं घालून मी विचारलं, "आबासाहेब, मी आता कुठला धंदा धरू?"

ते म्हणाले, "लोहारकी सोडा. स्वयंपाकी व्हा. एकट्या माणसाला आलं पायजे."

ऋतुजा मधेच म्हणाली, "नको, आप्पा. त्यात एक पैसा सुटत नाही."

पण व्याह्यांचा शब्द कसा मोडायचा? झालो स्वयंपाकी. आबासाहेबांचा पाला आणि ऋतुजानं मारलेलं रानडुक्कर घालून पहिलं कालवण रांधलं. बुडाला जरा काळं झालं. पहिली वाटी अर्थातच आबासाहेबांना. त्यांनीही मान राखला, काही न बोलता सगळी खाल्ली, आणि दोन्ही घोड्यांच्या मधोमध आडवे झाले.

"आप्पा, हा धंदा आजच्या आज सोडा," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या हातचं खाऊन माणसं आडवी होतायत."

"व्हय बाळ," मी म्हणालो, "वर्ष झालं, मी दोन्ही वेळंला त्येच खातोय."