दात खाणारी सून
वावडिंगाचा वास आला की सासरचं पहिलं वर्ष आठवतं. महाराजांच्या राज्यात गडहिंग्लजहून मी कोल्हापुरात नांदायला आले आणि झोपेत करकर दात खाऊ लागले. सकाळी कानशिलं ठणकत. सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “माझ्यावरच दातओठ खाती ही. माहेरी धाड हिला.” ह्यांनी पोटात जंत समजून वावडिंगाचा काढा पाजला, तोही वाया गेला. शेवटी गल्लीतल्या हकीमसाहेबांनी माझे झिजलेले दात पाहिले, जबडा चाचपला. म्हणाले, “जंत न्हाईत. दिवसभर गिळलेलं बोलणं ही झोपेत चावती. बोलू द्या हिला.” “मग बोल की!” सासूबाई गरजल्या. मी पदर सावरून म्हणाले, “आत्ती, तुमचं कालवण लई खारट असतंय.” महिन्याभरात दात गप्प झाले, तोंड मात्र आजतागायत नाही.