पडद्यावरचं संत्रं

माणिकबाई अकोल्याच्या बाजारात भाजी विकायची. घासाघीस करणाऱ्याला चार शब्द सुनावायला ती कधी मागेपुढे पाहायची नाही. पण नाटकात उभी राहा म्हटलं, की तोंडाला पदर लावायची. म्हणून अठ्ठावन्न साली नाटक बसवणाऱ्या हेमचंद्र मास्तरांनी वरूडच्या संत्र्याच्या बगिच्यात तिची फिल्मच काढली. रंगमंचावर तिचा नवरा उत्तमराव, मागे पडद्यावर ती. पडद्यावरून ती संत्रं फेकायची आणि उत्तमराव बाहीत लपवलेलं संत्रं काढून झेलल्यासारखं करायचा.

पहिल्याच प्रयोगात या झेलावर थेटर दणाणलं. लोक सवयीनं 'वन्समोर' ओरडू लागले. पण फिल्म कुठली थांबते? पडद्यावरची माणिकबाई पाठ फिरवून झाडांआड निघाली, आणि उत्तमराव बावळटासारखा तिच्याकडे पाहत राहिला.

तेव्हा बायकांच्या बाकांवरून खरी माणिकबाई उठली. पिशवीतून संत्रं काढून तिनं नेम धरून फेकलं. उत्तमरावाच्या हातून नेमकं तेच सुटलं आणि घरंगळत गेलं.

"तिचं बरं झेलता तुमी," माणिकबाई भर थेटरात म्हणाली, "अन् माह्यं सुटते."